एसीच्या पैशातला पियानो

मालवणात माझं औषधांचं छोटं दुकान आहे आणि घर तारकर्लीला. घरालगतच्या दोन खोल्या नवरा पर्यटकांना देतो. सकाळी मी स्कूटरवरून मालवणला जाते, दुपारी डबा खाते, संध्याकाळी परत येते. वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत मी कुठल्याही वाद्याला हात लावला नव्हता. घरात वाजवणारा एकच, माझा नवरा. गावच्या भजन मंडळात तो पेटी वाजवतो आणि चांगली वाजवतो. डबलबारी, म्हणजे दोन मंडळांचा भजनाचा सामना, असला की आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं येतं. त्याच्या पेटीवरची धूळसुद्धा तोच पुसतो. मला कधी ती वाजवावीशी वाटली नाही, आणि वाजवून बघ असं त्यानेही कधी म्हटलं नाही.

पियानो माझ्या आयुष्यात आला तो गुडघेदुखीच्या गोळ्यांमुळे.

मालवणात चर्चजवळच्या गल्लीत एक टीचर राहतात. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आता सत्तरी पार केली आहे. अर्धं मालवण त्यांच्या वर्गात बसून गेलंय, त्यामुळे त्यांना सगळे नुसतं 'टीचर' म्हणतात. दर महिन्याला त्या स्वतः दुकानात येऊन गोळ्या नेत. एकदा त्यांचा फोन आला.

"गुडघो लय दुखता गो. गोळ्यो घराकडे हाडून दिशील?"

दुपारी दुकान बंद करून मी गेले. दारात पोचले तर आतून सूर ऐकू येत होते. चाल गोड होती, संथ. पण मध्येमध्ये एखादा सूर पियानोचा न येता माणसाच्या गळ्यातून येत होता. पियानो, पियानो, मग टीचरचा बारीक आवाज, मग पुन्हा पियानो. मी गोळ्यांची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. चाल संपल्यावर कडी वाजवली.

आत भिंतीला टेकून एक मोठा लाकडी पियानो होता. वर घरच्या माणसांच्या तसबिरी, बाजूला मेणबत्तीचा स्टँड. टीचर म्हणाल्या, त्यांच्या मामाने गोव्याहून ट्रकात घालून पाठवलेला.

"मग मधीच तुमी कित्याक गायत होतात?"

"खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान तेका," त्या म्हणाल्या. "आतल्यो तारो गंजल्यो. पयली म्हापश्यासून एक मिस्त्री येय सूर लावूक. तो आता म्हातारो झालो, येणा नाय. जे सूर पियानो म्हणणा नाय, ते मी म्हणतंय."

त्यांनी मला एक पट्टी दाबायला सांगितली. लाकडावर बोट आपटल्यासारखा नुसता 'टक्' आवाज आला. शेजारची दाबली, आणि खोलीभर घंटेसारखा सूर पसरला. तो सूर बोटातून दंडापर्यंत चढला असं मला वाटलं. मी ती पट्टी पुन्हा दाबली. मग आणखी एकदा.

"टीचर, माका शिकवतल्यात?"

"तुका? कित्याक?"

"म्हायत नाय. माका व्हया."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले, बोटं ताणली आणि म्हणाल्या, "नखां काप आणि बुधवारी ये."

अशी सुरुवात झाली. बुधवार आणि शनिवार, दुपारी दुकान बंद असताना. मला वाटलं होतं या वयात बोटं ऐकणार नाहीत. ती ऐकत नव्हतीच, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरच्या काचेवर बोटं चालवायची. उजव्या हाताची पाच बोटं, मग डाव्या हाताची पाच. एकदा मधुमेहाची औषधं न्यायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "हाताक मुंग्यो येतत काय?" मी म्हटलं, "नाय, अभ्यास करतंय."

पण काचेवरचा अभ्यास किती दिवस पुरणार. पावसाळा संपता संपता टीचरनी पुस्तक मिटून ठेवलं.

"आठवड्यात दोन दीस हंय येवन काय होवचा नाय. घरात पियानो व्हयो, आणि रोज वाजवूक व्हयो. ह्यो माझो तर अर्धो मुको. तुझो कान बिघडात ह्येच्यार."

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. नवऱ्याने आधी साहजिकच पेटीकडे बोट केलं. "पेटी आसा मां घरात. तीच वाजय."

मी वाजवून बघितली होती, तो बाजारात गेला असताना. पेटीला भाता हलवायला एक हात द्यावा लागतो. टीचर तर माझ्याकडे दोन्ही हात मागत होत्या, आणि दोन्ही हातांना वेगवेगळं काम. ते मी त्याला करून दाखवलं, ताटाच्या कडेवर. तो जेवायचा थांबला आणि बघत राहिला.

"पण पियानो खंय ठेवतलस? हत्ती पोसूचो तसा ता. आणि खारो वारो?"

मग मी त्याला मोबाईलवर डिजिटल पियानो दाखवला. आत तारा नाहीत, गंजायला काही नाही, सूर लावायला मिस्त्री नको. टेबलाएवढी जागा. हेडफोन लावला तर बाहेर आवाजही येत नाही, म्हणजे पाहुण्यांना त्रास नाही. मी इतक्या वेगाने बोलत होते की सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "हिका झाला काय?"

त्या दिवाळीत दुसऱ्या खोलीला एसी बसवायचा, असं आमचं ठरलेलं होतं. पैसे बाजूला काढलेले होते. दोन दिवसांनी माडाच्या झावळ्या गोळा करता करता तो मला म्हणाला, "एसीच्या पैशात बसता तर घेवया. गेस्ट आणखी एक वर्स पंख्यार झोपतले." आणि झावळ्या ओढत परसाकडे गेला. मी अंगणात उभी राहून एकटीच हसत होते.

त्यानंतरचा पंधरवडा मी जे काय केलं ते आठवलं की अजून मजा वाटते. दुकानात, घरात, भात शिजेपर्यंत, मी मोबाईलवर पियानोचे व्हिडिओ बघत होते. पट्ट्या किती, वजन किती, आत आवाज किती. एकजण सांगायचा हाच घ्या, दुसरा सांगायचा हा मुळीच घेऊ नका. काही यंत्रांत शेकडो वाद्यांचे आवाज होते, रंगीत दिवे होते, आणि ती स्वस्त होती. काही काळी, साधी, आणि महाग. एवढा फरक कशाचा, ते मला कळेना. मी टीचरना सगळे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, दोनतीन फोटो बघितले आणि मोबाईल परत दिला.

"चप्पल घेतस तर पायात घालून बघतस मां? मगे पियानो फोटोत बघून कसो घेतलस? वाजवूक व्हयो. मी येतंय तुमच्यावांगडा."

"आणि गुडघो?"

"गुडघ्यान खंय वाजवूचा आसा?"

दोडामार्गला एक वापरलेला पियानो विकायला आहे, असं नवऱ्याला भजन मंडळातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तिथून म्हापसा जवळ, तेव्हा तो पसंत पडला नाही तर पुढे गोव्यातल्या दुकानात जायचं, असं ठरलं. एका रविवारी आम्ही निघालो. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायला ठेवलेली आमची जुनी गाडी, पुढे नवरा आणि टीचर, मागे मी. टीचर सकाळची प्रार्थना आटोपून, चांगला निळा फ्रॉक घालून आल्या होत्या. सावंतवाडी मागे पडेपर्यंत त्या नवऱ्याला विचारत होत्या, पेटीत सूर कसा तयार होतो, भाता फाटला तर काय करता. नवरा रंगात येऊन सांगत होता. इतकं सविस्तर त्याला पेटीबद्दल मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

दोडामार्गचं घर काजूच्या बागेत होतं, मागे रबराची झाडं. विकणारी मुलगी नर्स होती, रोज गोव्यातल्या एका हॉस्पिटलात जायची. हौसेने पियानो घेतला, पण पाळ्या बदलत राहिल्या आणि वाजवणं सुटलं. तिने चादर काढली. काळा, लांब, पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो. मी बसले, दुकानातल्या काचेवर घोटलेली चाल वाजवली, आणि सगळे सूर आले. एकही गळला नाही. मी वळून नवऱ्याकडे बघितलं. मनात मी तो घेऊन टाकला होता.

"उठ जरा," टीचर म्हणाल्या.

त्या बसल्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकेक पट्टी दाबत निघाल्या. प्रत्येक पट्टी सारख्याच हलक्या बोटाने. मांजर कौलांवरून चालावं तसे सूर मऊ येत होते. मध्यावर आल्यावर एक सूर एकदम ओरडला. टीचरनी तीच पट्टी पुन्हा हलकेच दाबली. पुन्हा ओरडला. पुढे आणखी एक तसाच निघाला.

"ह्यो दोन पट्ट्यो बिघडल्यो आसत," त्यांनी त्या मुलीला सांगितलं. "हळू दाबलंय तरी मोठ्यान वाजतत."

मुलीने स्वतः दाबून बघितलं. तिचा चेहरा उतरला. "माका कधी कळूकच नाय. माका वाटला, माझाच बोट जोरात पडता."

तिने लगेच किंमत कमी करते म्हणून सांगितलं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. टीचर खिडकीबाहेर काजूकडे बघत बसल्या. मी त्या दोन पट्ट्या पुन्हा दाबल्या. मुलीचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. शिकणाऱ्याला आपली चूक कुठली आणि वाद्याची कुठली, हे कसं कळणार? मी रोज स्वतःच्याच बोटाला दोष देत बसणार. मी नको म्हटलं. मघाशी तर मनातल्या मनात मी तो घरी नेऊन भिंतीला लावला होता.

मुलीने वाईट वाटून घेतलं नाही. उलट चहा केला, परसातल्या केळ्यांची एक फणी गाडीत ठेवली, आणि आपण हा पियानो म्हापशाच्या कुठल्या दुकानातून घेतला ते नीट समजावून सांगितलं. बाजाराच्या मागची गल्ली, वरचा मजला.

त्या वरच्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि माझी मघाची निराशा कुठल्या कुठे पळाली. भिंतीवर गिटारी, कपाटात व्हायोलिनं, आणि मध्ये ओळीने पियानोच पियानो. दुकानाचा मालक जाड चष्म्याचा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. आम्ही घरगुती सरावासाठी बघतोय म्हटल्यावर त्याने आधी मला सर्वांत झगमगीत यंत्रापाशी नेलं. एक बटण दाबलं, तबला सुरू झाला. दुसरं दाबलं, ढोलकी. तिसरं, बासरी.

नवरा पुढे सरसावला. त्याने ढोलकीचा ठेका लावला आणि उजव्या हाताने गजर सुरू केला. दोन ओळी झकास गेल्या. मग सवयीने त्याचा डावा हात मागे गेला आणि भाता शोधायला लागला. हवेतच त्याची उघडझाप चालली होती. दुकानातले चारपाच लोक बघत होते. त्याच्याही लक्षात आलं, आणि तो इतका मोकळा हसला की मालकसुद्धा हसायला लागला.

"ह्योच घेवया," नवरा म्हणाला. "पैसे पण उरतले. आणि भजनाक पण चलात."

खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. टीचर पुढे आल्या.

"बंद कर तो."

मालकाने आवाज कमी केला.

"तसो न्हय. बटण बंद कर. आता गो, तू वाजय."

बंद यंत्रावर मी वाजवायला लागले. पट्ट्या हलक्याफुलक्या, प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणासारख्या, बोट ठेवलं की खाली. मग टीचरनी मला कोपऱ्यातल्या एका साध्या काळ्या पियानोपाशी नेलं. तोही बंदच. तिथे पट्टी दाबली तर तिला वजन होतं. पलीकडच्या टोकाला काहीतरी उचललं जातंय आणि बोट सोडल्यावर ते परत खाली बसतंय, असं. डावीकडच्या जाड सुरांच्या पट्ट्या जास्त जड, उजवीकडच्या बारीक सुरांच्या हलक्या. अगदी टीचरच्या घरच्या पियानोसारख्या.

"खऱ्या पियानोत प्रत्येक पट्टी एक हातोडी उचलता," टीचर म्हणाल्या. "हलक्या पट्टीर शिकलंस तर बोटाक ताकद येवची नाय. मगे खऱ्या पियानोर बसशीत तर बोटां घसरतली. आवाज धाच आसले तरी चलतले. बोट व्हया."

माझ्या डोक्यातला पंधरवड्याचा गोंधळ त्या एका मिनिटात सुटला. झगमगीत यंत्र स्वस्त का आणि हे साधं महाग का, ते बोटांनाच कळलं.

मालकानेही मग त्यांना मान देऊन खुर्ची आणली आणि पियानो चालू केला. टीचरनी हळू वाजवलं, जोरात वाजवलं, प्रत्येक पट्टी एकदा तपासली. पायाजवळचं पेडल दाबून धरून डावीकडून उजवीकडे सूर एकावर एक रचत गेल्या, आणि पहिला सूर मध्येच तुटतो का ते कान देऊन ऐकलं. स्टँड धरून हलवून बघितला. मग मालकाने शेजारचा, लाकडी कपाटासारखा, देखणा मोठा पियानो दाखवला. त्याची किंमत ऐकून नवऱ्याने नुसतं "दोन एसी" असं माझ्या कानात सांगितलं.

"दोन्ही ऐकून बघा, मगच ठरवा," मालक म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

टीचरनी मला पाठ करून उभं केलं. "मी आधी एकार वाजयतंय, मगे दुसऱ्यार. खंयचो खंयचो, ता सांग."

मी गिटारींकडे तोंड करून उभी राहिले. मागे तीच चाल सुरू झाली, गोळ्यांची पिशवी घेऊन दारात उभी असताना ऐकलेली. मी कानात प्राण आणून ऐकत होते. पहिल्यांदा वाजवून झाली, मग दुसऱ्यांदा सुरू झाली. पहिला आवाज थोडा भरदार, म्हणजे तो मोठ्या पियानोचा असावा, असं वाटलं, पण छातीठोकपणे सांगता येईना. दुसऱ्यांदा वाजवताना ती चाल मध्येच थांबली.

मी वळले. टीचर साध्या काळ्या पियानोसमोर बसल्या होत्या. हात पट्ट्यांवरच, तोंड जरासं उघडं.

"काय झाला, टीचर?"

"काय नाय गो." त्यांनी एक पट्टी पुन्हा दाबली. सूर स्वच्छ आला. "हो सूर माझ्या घरात मी म्हणतंय. आता पण म्हणूक तोंड उघडलंय, तर तो आपणच इलो."

त्यांनी चाल पहिल्यापासून सुरू केली, आणि या वेळी शेवटपर्यंत वाजवली, तोंड मिटून. नंतर दुसरी घेतली, मग आणखी एक, वेगाची, दोन्ही हात टोकापर्यंत धावणारी. त्यांना असं काही वाजवता येतं हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्या घरी एवढ्या सलग पट्ट्या बोलतच नव्हत्या, तर मी ऐकणार कुठून? मालकाने हातातलं काम ठेवलं होतं. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा पाय ताल देत होता. वाजवायचं थांबवून टीचरनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांचे गाल लाल झाले होते, मुलीसारखे.

"हो घेतंय," मी म्हटलं.

साध्या काळ्याची किंमत एसीच्या पैशात बसली, जेमतेम. बसायचा बाक वेगळा घ्यावा लागत होता, तो घेतला नाही. पाहुण्यांच्या खोलीतलं स्टूल आणि वर एक उशी, असं नवऱ्याने तिथेच ठरवून टाकलं. मालकाने हेडफोन आपल्याकडून दिला. टीचरना म्हणाला, "बाय, परत येयात, वाजवपाक." कोकणीतल्या त्या आमंत्रणाने टीचर इतक्या खूश झाल्या की जिना उतरताना त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही.

खोका गाडीत घालणं हा एक वेगळाच खेळ झाला. मागची सीट पाडली, तिरका घातला, तरी टोक पुढच्या दोन सीटच्या मध्ये आलं. उरलेल्या वीतभर जागेत मी पाय पोटाशी घेऊन बसले, मांडीवर केळी आणि एक हात खोक्यावर. खड्डा आला की मी खोका धरत होते, जणू आत कुणी झोपलंय.

हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. गोव्याहून येणारी गाडी, त्यात एवढा लांब खोका, शिपाई टॉर्च घेऊन वाकलाच.

"यात काय आहे?"

"पियानो," नवरा म्हणाला.

शिपायाने त्याच्याकडे बघितलं, मग टीचरकडे, मग मागे केळी घेऊन दुमडून बसलेल्या माझ्याकडे. "पियानो?"

टीचरनी शांतपणे बिल पुढे केलं. त्याने ते वाचलं, खोक्यावरचं चित्र बघितलं. तोवर तो कार्यालयातल्या मराठीत बोलत होता. बिल परत देताना त्याची भाषा बदलली.

"वाजवतला कोण?"

"मी," मी मागून म्हटलं. तोवर हे मी कुठल्याही परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. तो शब्द उच्चारताना मला आत काहीतरी उजळल्यासारखं झालं.

"वाजय तर," असं म्हणून त्याने हाताने पुढे जायची खूण केली.

टीचरना मालवणात सोडून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नवऱ्याने जेवणाआधीच स्टँड जोडला. समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवायचा नाही, हे टीचरनी बजावलं होतं, म्हणून मधल्या खोलीतल्या आतल्या भिंतीला लावला. वर घालायला प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडते, म्हणून पाहुण्यांच्या खोलीतली एक सुती चादर घडी करून ठेवली. सासूबाई सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हेडफोन लावून बसले. माझ्या कानात सुरांचा नुसता पूर आला होता. थोड्या वेळाने डोळे उघडले तर समोर सासूबाई, कमरेवर हात ठेवून.

"काय गो ह्या? एवढे पैसे घातल्यात आणि नुसता खटखट, खटखट. सुतार बरो."

बाहेर ऐकू येत होता तो फक्त पट्ट्यांचा आवाज. मी हेडफोन काढून त्यांच्या कानांवर ठेवला आणि वाजवायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन धरला. डोळे मोठे झाले. मग त्या स्टुलाच्या कडेवर माझ्या शेजारी टेकल्या आणि मी थांबले तर म्हणाल्या, "थांबलंस कित्याक?" कान झाकलेले असल्यामुळे हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं.

आता टीचर बुधवारी माझ्याकडे येतात. दुपारी दुकान बंद झालं की मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणते. माझा धडा झाला की स्टूल त्यांचं. त्या तासभर वाजवतात, हेडफोन न लावता, आणि नवरा बाहेर काहीतरी काम काढून ओसरीवर बसतो. एकदा त्याने पेटी आणून त्यांच्याबरोबर सूर धरला होता. जमलं नाही फारसं, पण दोघं पुन्हा प्रयत्न करणार आहेत.

माझी प्रगती मुंगीच्या पावलांची आहे. उजवा हात ठीक, डावा हात ठीक, दोन्ही एकत्र आणले की दोघं भांडायला लागतात. एक पुढे पळतो, दुसरा रुसून थांबतो. टीचर म्हणायच्या, येईल, आपोआप येईल. मला पटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ते आलं. मी नेहमीसारखी सावकाश वाजवत होते, आणि अचानक लक्षात आलं की डावा आपलं चालतोय, उजवा आपलं चालतोय, आणि मी मध्ये नुसती बसले आहे. मी श्वास रोखला. शेवटपर्यंत गेले. चुकलं असेल म्हणून पुन्हा वाजवलं, पुन्हा गेले. मग उठवेनाच. नवऱ्याला बोलावून ऐकवलं, सासूबाईंना ऐकवलं, नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकवलं.

दुकानात पोचले तेव्हा शटरपाशी तीन माणसं उभी होती. त्यातले एक काका रोजचे, खोकल्याचं औषध न्यायला आलेले, चिडलेले.

"खंय होतंस गो? किती येळ उभो आसंय."

"काका, आज माझे दोनय हात एकत्र इले," मी शटर वर ढकलत म्हटलं. हसू आवरत नव्हतं.

काकांचा राग एकदम गेला. ते माझ्या हातांकडे बघायला लागले, काळजीने.

"हातांका काय झाला होता?"